प्रोस्टेटचा कॅन्सर : गाठीवर जादा ‘शेक’, बाकी ठिकाणी बेताचा, ही पद्धत नेमकी काय, कुणाला चालते?

रात्रीतून चार-चार वेळा लघवीला उठावं लागतं, धार बारीक झाली आहे, लघवी लवकर सुटत नाही. साठी ओलांडलेल्या बऱ्याच जणांना हा त्रास असतो आणि बहुतेक जण ‘वय झालं’ म्हणून तो अंगावर काढतात. घरात सुनेसमोर, लेकीसमोर हा विषय काढायला लाजतात. बरेचदा हा त्रास साध्या वाढलेल्या ग्रंथीचा असतो, कॅन्सरचा नसतो. पण काही जणांच्या रक्ताच्या तपासणीत पीएसएचा आकडा जास्त येतो, मग एमआरआय होतो, बायोप्सी होते आणि डॉक्टर सांगतात, “कॅन्सर आहे, पण ग्रंथीतच आहे. बाहेर पसरलेला नाही.”

इथून पुढे घरात एकच चर्चा सुरू होते. ऑपरेशन करायचं की शेक घ्यायचा? शेक घ्यायचा तर किती दिवस? जास्त घेतला तर आतडं-मूत्राशय जळेल का? कमी घेतला तर आजार परत येईल का? किरणोपचाराच्या डॉक्टरांनाही हाच प्रश्न गेली तीस वर्षं पडलेला आहे. त्याचं एक चांगलं उत्तर गेल्या काही वर्षांत मिळालं आहे. पूर्ण ग्रंथीला नेहमीचा डोस द्यायचा आणि एमआरआयमध्ये जिथे गाठ दिसते, फक्त तिथेच डोस वाढवायचा. इंग्रजीत याला ‘फोकल बूस्ट’ म्हणतात. या पद्धतीची सविस्तर माहिती अशी.

प्रोस्टेट म्हणजे काय?

प्रोस्टेट म्हणजे पुरःस्थ ग्रंथी. ती फक्त पुरुषांना असते. आकार साधारण अक्रोडाएवढा. मूत्राशयाच्या, म्हणजे लघवीच्या पिशवीच्या, अगदी खाली ती असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. तिच्या मागे लागूनच गुदाशय, म्हणजे शौचाच्या आतड्याचा शेवटचा भाग असतो. ही जागा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी अडचण या जागेमुळेच आहे. वर मूत्राशय, मागे गुदाशय, मधून लघवीची नळी. ग्रंथीवर किरणं टाकायची म्हटलं की शेजाऱ्यांना धग लागणारच.

दुसरी गोष्ट, सुरुवातीच्या प्रोस्टेट कॅन्सरला बहुतेक वेळा कसलंच लक्षण नसतं. लघवीचा त्रास आहे म्हणजे कॅन्सरच आहे असं नाही आणि त्रास नाही म्हणजे कॅन्सर नाही असंही नाही. म्हणून घाबरून जायचं नाही, पण तपासणी टाळायचीही नाही.

आधी आजाराची प्रतवारी

ग्रंथीतच असलेल्या आजाराचे डॉक्टर ढोबळमानाने तीन गट करतात. त्यासाठी तीन गोष्टी बघतात : पीएसएचा आकडा, बायोप्सीतला ग्लीसन स्कोअर आणि गाठ ग्रंथीत किती पसरली आहे.

कमी जोखीम : पीएसए १० पेक्षा कमी, ग्लीसन ६, गाठ लहान.
मध्यम जोखीम : पीएसए १० ते २० किंवा ग्लीसन ७.
जास्त जोखीम : पीएसए २० च्या वर किंवा ग्लीसन ८ ते १० किंवा गाठ ग्रंथीचं आवरण ओलांडून बाहेर आलेली.

कमी जोखमीच्या आजाराला अनेकदा लगेच ऑपरेशन किंवा शेक काहीच लागत नाही. ठरावीक दिवसांनी पीएसए, एमआरआय आणि गरजेप्रमाणे पुन्हा बायोप्सी करून लक्ष ठेवलं जातं. ब्रिटनमध्ये १६४३ पुरुषांवर यासाठी ‘प्रोटेक्ट’ नावाचा अभ्यास झाला. काहींवर नुसतं लक्ष ठेवलं, काहींचं ऑपरेशन केलं, काहींना किरणोपचार दिले. यातले बहुतेक जण कमी किंवा मध्यम जोखमीचे होते. १५ वर्षांनंतर बघितलं तर तिन्ही गटांत मिळून या कॅन्सरने गेलेल्यांचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं आणि गटागटांत फारसा फरक नव्हता. म्हणजे कॅन्सर शब्द ऐकला म्हणून त्याच आठवड्यात जमीन गहाण टाकायची गरज नसते. दोन-तीन आठवडे घेऊन, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊन ठरवलं तरी चालतं.

गाठीवर जादा डोस द्यायचा प्रश्न येतो तो मुख्यतः मध्यम आणि जास्त जोखमीच्या आजारात. कारण याच रुग्णांत आजार परत येण्याची भीती जास्त असते.

‘शेक’ म्हणजे काय आणि ‘ग्रे’ म्हणजे काय?

गावात किरणोपचाराला ‘शेक देणे’ किंवा ‘लाईट घेणे’ म्हणतात. यात चटका बसत नाही, काही दिसत नाही, दुखत नाही. लिनॅक नावाच्या यंत्रातून जोरदार एक्स-रे निघतात. यंत्र रुग्णाभोवती फिरतं आणि वेगवेगळ्या बाजूंनी किरणं ग्रंथीवर सोडतं. किरणांमुळे कॅन्सरच्या पेशींच्या आतला गाभा तुटतो आणि पुढे वाढताना त्या मरतात. चांगल्या पेशींनाही इजा होते, पण त्या बऱ्याच अंशी स्वतःची दुरुस्ती करून घेतात. म्हणूनच सगळा डोस एकदम न देता रोज थोडा-थोडा देतात. एका दिवसाच्या उपचाराला डॉक्टर ‘फ्रॅक्शन’ म्हणतात. रुग्ण म्हणतात, “आज माझी बारावी लाईट झाली.”

डोस मोजायचं माप म्हणजे ‘ग्रे’. दूध लिटरमध्ये, जमीन एकरात, तसा किरणांचा डोस ग्रेमध्ये. शरीराच्या एक किलो भागाने एक ज्यूल एवढी ऊर्जा शोषली की तो झाला एक ग्रे.

इथे एक मोठा घोळ होतो. दोन रुग्ण भेटतात. एक म्हणतो, “मला ७८ ग्रे दिले.” दुसरा म्हणतो, “मला ६०च.” मग दुसऱ्याला वाटतं आपल्याला कमी औषध दिलं. तसं नसतं. एकाच पिकाला तेवढाच युरिया तीन हप्त्यांत टाकला आणि एकदम टाकला, तर परिणाम सारखा होत नाही. इथेही तसंच आहे. रोजचा डोस मोठा असेल तर एकूण डोस कमी ठेवावा लागतो. ब्रिटनमधल्या ‘चिप’ नावाच्या अभ्यासात ३२१६ पुरुष होते. त्यात ३७ फ्रॅक्शनमध्ये ७४ ग्रे आणि २० फ्रॅक्शनमध्ये ६० ग्रे यांची तुलना केली. पाच वर्षांनी आजार काबूत असलेल्यांचं प्रमाण ७४ ग्रेच्या गटात ८८.३ टक्के आणि ६० ग्रेच्या गटात ९०.६ टक्के होतं. म्हणजे २० लाईट घेणारे मागे पडले नाहीत. म्हणून नुसत्या एकूण आकड्याची तुलना कधी करू नका. ‘किती ग्रे आणि किती फ्रॅक्शनमध्ये’ असं दोन्ही विचारा.

सगळीकडे डोस वाढवला तेव्हा काय झालं?

१९९० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की ६५-७० ग्रेवर अनेकांचा आजार परत येतो. मग डोस वाढवून बघायचं ठरलं. अमेरिकेत ह्यूस्टन शहरातल्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये १९९३ ते १९९८ या काळात ३०१ रुग्ण घेतले. काहींना ७० ग्रे आणि काहींना ७८ ग्रे दिले. आठ वर्षांनी ७० ग्रेच्या गटात ५९ टक्के लोकांचा आजार काबूत होता, तर ७८ ग्रेच्या गटात ७८ टक्के लोकांचा. फायदा मोठा होता.

पण त्याची किंमतही द्यावी लागली. गुदाशयाचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास ७० ग्रेच्या गटात १३ टक्के लोकांना झाला होता. ७८ ग्रेच्या गटात तो २६ टक्क्यांवर गेला, म्हणजे थेट दुप्पट. शौचावाटे रक्त पडणे, वारंवार घाई होणे असा हा त्रास, आणि काहींना तो वर्षानुवर्षं राहतो. कारण साधं आहे. पूर्ण ग्रंथीचा डोस वाढवला की मागच्या गुदाशयाचाही वाढतो. तणनाशक पूर्ण वावरात जोरात मारलं तर तणही मरतं आणि बांधावरचं झाडही करपतं, तसं झालं.

यंत्रं सुधारली, किरणांची धार ग्रंथीच्या आकारात वळवता येऊ लागली, तसा त्रास कमी झाला. तरी पूर्ण ग्रंथीचा डोस अजून वाढवायला मर्यादा होतीच.

मग गाठीवरच डोस वाढवायची कल्पना आली

शेक घेतल्यावर ज्यांचा आजार ग्रंथीतच परत आला, त्यांच्या तपासण्या डॉक्टरांनी पुन्हा बघितल्या. बहुतेक वेळा आजार तिथेच उगवला होता जिथे पहिल्यांदा मोठी गाठ होती. म्हणजे पूर्ण ग्रंथीला डोस पुरत होता, पण जिथे मुळं खोल होती तिथे कमी पडत होता.

दरम्यान एमआरआय सुधारला. आता चांगल्या एमआरआयमध्ये ग्रंथीतली मुख्य गाठ कुठे आहे, केवढी आहे, गुदाशयापासून किती लांब आहे, हे बऱ्याच रुग्णांत दिसतं. मग विचार असा आला : अख्ख्या ग्रंथीला नेहमीचा डोस द्या, कारण बारीक-बारीक ठिपके दुसरीकडेही असू शकतात. आणि गाठ दिसते तेवढ्याच जागेवर डोस चढवा.

नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये काय सिद्ध झालं?

या कल्पनेची खरी परीक्षा ‘फ्लेम’ नावाच्या अभ्यासात झाली. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त, अॅमस्टरडॅम, नायमेखेन आणि बेल्जियममधल्या लूव्हेन अशा चार ठिकाणच्या रुग्णालयांत २००९ ते २०१५ या काळात ५७१ रुग्ण घेतले. मध्यम आणि जास्त जोखमीचे, त्यातही बहुतेक जास्त जोखमीचे. कुणाला कुठला उपचार द्यायचा हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं आणि रुग्णाला ते सांगितलं नाही, म्हणजे मनाचा परिणाम मध्ये येत नाही.

पहिला गट : पूर्ण ग्रंथीला ३५ फ्रॅक्शनमध्ये ७७ ग्रे. रोज २.२ ग्रे, सात आठवडे.
दुसरा गट : तेवढाच डोस पूर्ण ग्रंथीला आणि त्याच ३५ दिवसांत एमआरआयमधल्या गाठीला जास्तीत जास्त ९५ ग्रेपर्यंत.

यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम पुढचा. मूत्राशय आणि गुदाशयाला किती डोस चालेल याची मर्यादा आधी ठरवली होती आणि ती दोन्ही गटांना सारखीच होती. गाठ गुदाशयाला चिकटून असेल आणि ९५ ग्रे देताना ही मर्यादा ओलांडली जात असेल, तर गाठीचा डोस कमी करायचा, मर्यादा मोडायची नाही. त्यामुळे अनेक रुग्णांत गाठीच्या प्रत्येक भागाला पूर्ण ९५ ग्रे पोचले नाहीत. जेवढे सुरक्षितपणे देता आले तेवढेच दिले.

निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी नेहमीच्या डोसच्या गटात ८५ टक्के लोकांचा आजार पीएसएच्या हिशोबाने काबूत होता. गाठीवर जादा डोस दिलेल्या गटात ९२ टक्के. म्हणजे १०० मागे १५ जणांचा आजार डोकं वर काढत होता, तो आकडा ८ वर आला.

आणि त्रास? लघवीचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास नेहमीच्या गटात २३ टक्के आणि जादा डोसच्या गटात २८ टक्के लोकांना झाला. शौचाचा त्रास १२ आणि १३ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ठोस ठरला नाही. तरी लघवीच्या त्रासाचे हे आकडे डोळ्यांसमोर ठेवलेले बरे. फुकट काहीच मिळत नाही. पण ह्यूस्टनसारखा दुप्पट त्रास इथे झाला नाही, हा मोठा फरक आहे.

नंतरच्या तपासणीत आणखी एक गोष्ट दिसली. जादा डोस दिलेल्यांत ग्रंथीत आजार परत येण्याचं प्रमाण घटलंच, शिवाय लसिकाग्रंथी किंवा लांबच्या अवयवांत आजार दिसण्याचं प्रमाणही कमी होतं.

‘आजार काबूत’ म्हणजे नेमकं काय?

इथे बारकाईने वाचा. वरच्या आकड्यांत ‘आजार परत आला’ म्हणजे बहुतेक वेळा ‘पीएसए वाढला’ एवढंच. पीएसए वाढल्यानंतरही माणूस अनेक वर्षं चांगला राहू शकतो. फ्लेम अभ्यासात पाच वर्षांपर्यंत दोन्ही गटांत जगण्याच्या प्रमाणात फरक दिसला नव्हता. म्हणून ‘जादा डोस घेतला की आयुष्य वाढतं’ असं कुणी सांगत असेल तर त्याला या आकड्यांचा आधार नाही. ‘जादा डोस घेतला की आजार परत उठण्याची शक्यता कमी होते’ एवढं म्हणता येतं.

पण तेही लहान नाही. पीएसए वाढला की पुन्हा तपासण्या, स्कॅन, हार्मोनची इंजेक्शनं, शहराच्या खेपा आणि खर्च सुरू होतो. घरातला कर्ता माणूस पुन्हा त्या फेऱ्यात अडकतो. १०० मागे सात घरांची त्यातून सुटका झाली तर ते मोलाचंच.

शेक घेतल्यावर पीएसए लगेच शून्य होत नाही, हेही माहीत असू द्या. तो हळूहळू उतरतो, वर्ष-दोन वर्षंही लागतात. सगळ्यात खाली गेलेल्या आकड्यापेक्षा २ ने वर गेला तर डॉक्टर आजार परत आला असं धरतात. उदाहरणार्थ, पीएसए ०.५ पर्यंत उतरला असेल तर २.५ च्या पुढे गेल्यावर. मधल्या काळात थोडा वर जाऊन आपोआप खाली येणं काहींच्या बाबतीत घडतं. एका रिपोर्टवरून घाबरू नका. रिपोर्टची फाईल जपून ठेवा आणि शक्यतो एकाच लॅबमधून तपासणी करा.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाचं काम

जास्त जोखमीच्या आजारात डोस कुठे आणि किती, या प्रश्नावर महाराष्ट्रातही महत्त्वाचं काम झालं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २०११ ते २०१७ या काळात २२४ रुग्णांवर अभ्यास झाला. एका गटात फक्त प्रोस्टेटला किरणोपचार दिले. दुसऱ्या गटात प्रोस्टेटबरोबर ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही दिले. प्रोस्टेटचा डोस दोन्हीकडे सारखाच, २५ फ्रॅक्शनमध्ये ६८ ग्रे. पाच वर्षांनी फक्त प्रोस्टेटच्या गटात ८१.२ टक्के आणि लसिकाग्रंथी धरलेल्या गटात ९५ टक्के लोकांचा पीएसए काबूत होता. लघवीचा त्रास मात्र दुसऱ्या गटात जास्त होता. एकूण जगण्याच्या प्रमाणात तेव्हा फरक नव्हता.

म्हणजे जास्त जोखमीच्या रुग्णासाठी दोन वेगळे प्रश्न आहेत : गाठीवर डोस वाढवायचा का, आणि शेजारच्या लसिकाग्रंथींना धरायचं का? दोन्ही प्रश्न डॉक्टरांना वेगवेगळे विचारा.

कमी दिवसांत होतं का?

गावाकडच्या रुग्णाला डोसाइतकाच दिवसांचा प्रश्न मोठा असतो. सात आठवडे शहरात राहायचं म्हणजे खोलीभाडं, सोबतीचा माणूस, घरी जनावरं, पेरणी-काढणी. यातही बदल होत आहे. २० फ्रॅक्शन म्हणजे चार आठवडे, हे आता रुळलं आहे. पाचच फ्रॅक्शनमध्ये मोठा डोस देण्याची पद्धतही आहे. तिला ‘एसबीआरटी’ म्हणतात. ‘पेस-बी’ या अभ्यासात कमी आणि मध्यम जोखमीच्या निवडक रुग्णांत पाच फ्रॅक्शन हे नेहमीच्या लांब उपचारापेक्षा कमी पडले नाहीत. फ्लेमच्याच मंडळींनी पुढे ‘हायपो-फ्लेम’ अभ्यासात १०० रुग्णांना आठवड्याला एक अशी पाच फ्रॅक्शन दिली. पूर्ण ग्रंथीला ३५ ग्रे आणि गाठीला जास्तीत जास्त ५० ग्रे. सुरुवातीचा त्रास सोसवण्याजोगा होता.

पण पाच फ्रॅक्शनमध्ये रोजचा डोस मोठा असतो, नेम चुकला तर नुकसानही मोठं. त्यासाठी तसं यंत्र आणि सरावलेली माणसं लागतात. नुसते दिवस कमी म्हणून ती पद्धत मागू नका.

कुणाला जादा डोस देता येत नाही?

एमआरआयमध्ये गाठ स्पष्ट दिसत नसेल किंवा आजार पूर्ण ग्रंथीभर विखुरलेला असेल, तर नेम कशावर धरायचा हाच प्रश्न असतो. काही प्रकारचे पेसमेकर असलेल्यांचा एमआरआय करता येत नाही. खुब्याचा कृत्रिम सांधा बसवलेला असेल तर चित्र नीट येत नाही. गाठ गुदाशयाला किंवा लघवीच्या नळीला अगदी चिकटून असेल तर डोस फारसा वाढवता येत नाही. आधीपासून लघवी तुंबण्याचा मोठा त्रास असेल तर आधी त्यावर उपचार करावे लागतात. आणि आजार हाडांत किंवा इतर अवयवांत पसरलेला असेल, तर हा लेख ज्या उपचाराबद्दल आहे तो मुख्य उपचार राहत नाही.

उपचार कसा होतो?

आधी एमआरआय. शक्यतो बायोप्सीच्या आधी केलेला बरा, कारण बायोप्सीनंतर आत रक्त साचल्याने काही आठवडे चित्र धूसर येतं. काही ठिकाणी ग्रंथीत तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान सोन्याच्या खुणा बसवतात. रोज यंत्रावर त्या खुणा बघून नेम धरतात. मग प्लॅनिंगचा सीटी स्कॅन होतो. डॉक्टर संगणकावर ग्रंथी, गाठ, मूत्राशय, गुदाशय अशा रेषा आखतात आणि भौतिकशास्त्राचे तज्ज्ञ डोस बसवतात. या तयारीला काही दिवस लागतात. तो वेळ वाया गेला असं समजू नका. शेतीत जसं पेरणीआधीच्या मशागतीवर पीक ठरतं, तसं इथे या आखणीवर सगळं ठरतं.

रोज यंत्रावर काही मिनिटं स्थिर झोपायचं असतं. मूत्राशय ठरल्याप्रमाणे भरलेलं आणि पोट साफ असावं लागतं. रिकाम्या मूत्राशयामुळे आतडी खाली उतरतात, आणि गुदाशयात गॅस किंवा मळ असला की ग्रंथी पुढे सरकते. गाठीवर जादा डोस असताना काही मिलिमीटरचा फरकही महत्त्वाचा. म्हणून ‘लाईटच्या आधी एवढं पाणी प्या’ हे सांगतात ते तंतोतंत पाळा. अंगावरच्या शाईच्या खुणा पुसू नका.

मध्यम जोखमीत साधारण सहा महिने आणि जास्त जोखमीत दीड ते तीन वर्षं हार्मोनची इंजेक्शनंही देतात. त्याने अंगातून वाफा येणे, थकवा, हाडं ठिसूळ होणे, इच्छा कमी होणे असे त्रास होऊ शकतात. शेक पूर्ण झाला म्हणून ही इंजेक्शनं मनाने बंद करू नका.

काय त्रास होतो, काय होत नाही?

उपचार सुरू असताना : वारंवार लघवी, जळजळ, शौचाला घाई, थकवा. बहुतेकांचा हा त्रास उपचार संपल्यावर काही आठवड्यांत उतरतो.
नंतर : काहींना शौचावाटे किंवा लघवीतून रक्त, लघवीला अडथळा, लैंगिक ताकद कमी होणे. हे महिन्यांनी किंवा वर्षांनीही होऊ शकतं. रक्त दिसलं तर मूळव्याध समजून गावठी औषध करू नका. आधी किरणोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा.
होत नाही : डोक्याचे केस जात नाहीत. बाहेरून दिलेल्या शेकाने माणसाच्या अंगात किरणं राहत नाहीत. आजोबा घरी येऊन नातवाला मांडीवर घेऊ शकतात, एका ताटात जेवू शकतात.

मध्येच सोडू नका

बरं वाटतंय म्हणून किंवा पेरणी आली म्हणून काही जण मध्येच गावी येतात. हा सगळ्यात मोठा तोटा. ठरलेली फ्रॅक्शन सलग पूर्ण झाली तरच डोसाचा हिशोब लागतो. हार्मोनचं इंजेक्शन सुरू असेल तर अनेकदा शेकाची तारीख काही आठवडे पुढे-मागे करता येते. डॉक्टरांना आधीच सांगा, ‘काढणी अमुक महिन्यात आहे.’ सुरू करण्याआधी तारीख सरकवता येते, सुरू केल्यावर खंड पाडणं बरं नाही.

खर्च आणि सवलती

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. त्यांना नेमकं विचारा की पॅकेजमध्ये कुठल्या प्रकारचा किरणोपचार बसतो, एमआरआय आणि हार्मोनची इंजेक्शनं त्यात धरली आहेत का. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत तिकिटाची सवलत मिळते, स्लीपर आणि थर्ड एसीत ती पूर्ण आहे. सोबतच्या माणसालाही सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. एसटीत ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत आणि ६५ ते ७५ वयात निम्म्या तिकिटात प्रवास आहे.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

हे प्रश्न मोबाईलमध्ये जपून ठेवा आणि भेटीच्या वेळी काढा.

१. माझा आजार कमी, मध्यम की जास्त जोखमीचा? लगेच उपचार हवेतच का?
२. एमआरआयमध्ये गाठ स्पष्ट दिसते का? गुदाशयापासून किती लांब आहे?
३. पूर्ण ग्रंथीला किती ग्रे आणि किती फ्रॅक्शनमध्ये?
४. गाठीवर जादा डोस देणार का? नसेल तर का नाही?
५. मूत्राशय आणि गुदाशयाची मर्यादा पाळून गाठीला किती डोस बसतो?
६. रोज यंत्रावर नेम कसा तपासणार?
७. लसिकाग्रंथींना धरणार का?
८. हार्मोनची इंजेक्शनं किती महिने?
९. ऑपरेशनचा पर्याय माझ्यासाठी आहे का? त्यासाठी लघवीच्या सर्जनलाही भेटू का?

‘तुमच्याकडे गाठीवर जादा डोस होत नाही’ असं उत्तर आलं तर उपचार वाईट आहे असा अर्थ काढू नका. नीट आखणी करून, पूर्ण फ्रॅक्शन देऊन केलेला नेहमीचा उपचारही चांगला असतो. फ्लेम अभ्यासात नेहमीच्या डोसवरही १०० पैकी ८५ जण पाच वर्षांनी काबूत होतेच. पण सोय जवळ असेल, गाठ स्पष्ट दिसत असेल आणि आजार जास्त जोखमीचा असेल, तर हा प्रश्न विचारल्याशिवाय घरी येऊ नका. शेक किती जोरात दिला यापेक्षा तो कुठे दिला, आणि शेजारच्या अवयवांची मर्यादा पाळून दिला का, यावर सगळं ठरतं.

(ही माहिती सर्वसाधारण जाणकारीसाठी आहे. उपचाराचा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.)